एक जन्मदाखला, एक वजनकाटा : पुण्यातल्या एका शाळेच्या कबड्डी संघाचं प्रकरण

या प्रकरणातली शाळा पुण्याच्या पेठांच्या कडेला आहे. अनुदानित, मराठी माध्यमाची. शाळेचं नाव देत नाही आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. क्रीडाशिक्षकांच्या वर्गात चर्चेला घेता यावं म्हणून मुख्याध्यापिका, क्रीडाशिक्षक आणि कार्यालयातले क्लार्क यांच्याशी बोलून हे लिहून काढलं. वर्गात बहुतेकांची चर्चा जन्मतारखेवरच संपते. माझ्या मते खरं प्रकरण तिथून पुढे सुरू होतं.

संघ

वर्ष २०२४-२५. शाळेचा १७ वर्षांखालील मुलांचा कबड्डी संघ महापालिका क्षेत्राच्या शालेय स्पर्धेत पहिला आला, तोही बऱ्याच वर्षांनी. मैदान म्हणजे इमारतीमागची लाल मातीची पट्टी. एका अंगाला सायकल स्टँड असल्यामुळे लॉबीची रेषा त्याच्या पायरीला टेकते. त्यात भाद्रपद जवळ आला की दोन-तीन मुलं ढोल पथकाच्या सरावाला पळायची आणि सर त्यांना हुडकायला नदीपात्रात जायचे. अशा संघाने अंतिम सामना काढला तो मुख्यतः एका मुलाच्या चढायांवर.

हा मुलगा आठवीत मराठवाड्यातून आला. आधी आईवडील ऊसतोडीला जायचे. आता वडील नऱ्हे भागात एका बांधकामावर वॉचमन आहेत आणि कुटुंब तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतं. पोरगा अंगाने हलका, पण समोर सहा-सात गडी असले की बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून, दुसरा हवेत धरून असा परत यायचा की पकड करणाऱ्यांचे हात मातीवर आपटायचे. अंतिम सामन्यातले निम्म्याहून जास्त गुण त्याचे होते. गणपती झाले की विभागीय स्पर्धा होती.

दाखला

विसर्जनानंतरच्या शुक्रवारी क्लार्क आधारच्या याद्या घेऊन बसले होते. ज्यांना शाळेच्या कार्यालयाचा अनुभव आहे त्यांना हा जाच माहीत आहे. विद्यार्थ्याची नोंद आधारशी जुळली नाही तर तो पोर्टलवर 'अवैध' दिसतो, आणि संचमान्यतेत शिक्षकांची पदं मोजताना अशा मुलांचा हिशोब अडतो. या मुलाची नोंद जुळत नव्हती. म्हणून त्यांनी आईला गावच्या ग्रामपंचायतीतून जन्मदाखला आणायला सांगितलं होतं. जन्म प्राथमिक आरोग्य केंद्रात झालेला, त्यामुळे नोंद वेळेत झाली होती. दाखला मात्र कोणी कधी काढला नव्हता.

दाखल्यावर तारीख होती १९ नोव्हेंबर २००७. शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेली, १ जून २००८.

१ जून म्हटल्यावर महाराष्ट्रात कोणालाही वेगळं काही सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोराला सहा पूर्ण दाखवायची, कागद नाही, मग गुरुजींच्या लेखणीतून १ जून उतरतो. आपल्याकडच्या कितीतरी आजोबांचे, काकांचे आणि काही आमदारांचेही वाढदिवस त्याच दिवशी येतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायला बंदी केली, ते योग्यच झालं. तारीख अंदाजाने लिहायची सवय मात्र त्याने गेली नाही. चुलत्याने या मुलाला पहिलीत घातलं तेव्हा आईवडील उसाच्या फडावर होते.

त्या वर्षी १७ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. रजिस्टरप्रमाणे मुलगा पात्र होता. दाखल्याप्रमाणे सहा आठवड्यांनी अपात्र.

क्लार्क दाखला घेऊन आधी क्रीडाशिक्षकांकडे गेले, हेही नोंदवण्यासारखं आहे. ते म्हणाले, "सर, हे मी आज बघितलं का सोमवारी बघितलं, ते तुम्ही ठरवा."

तीन वाटा

शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिघं बसले. समोर तीन वाटा होत्या आणि तिन्हींना कोणी ना कोणी बाजू घेणारं होतं.

पहिली, गप्प बसायचं. सरांचं म्हणणं तसं पोकळ नव्हतं. शाळेने खोटं काही केलेलं नाही. जनरल रजिस्टरला जी तारीख आहे तीच प्रवेशिकेत लिहिली. रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकाला परस्पर बदलताही येत नाही, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तोवर कायद्याने तीच तारीख खरी. "आणि बाई, दोन-दोन वर्षं मोठी पोरं खेळवणाऱ्या शाळा मला माहीत आहेत. आपला सहा आठवड्यांनी मोठा आहे."

दुसरी वाट क्लार्कने सुचवली. मुलगा विभागीयला आजारी दाखवायचा, बदली खेळाडू न्यायचा. अपात्र खेळाडू पुढे खेळला नाही म्हणजे पाप नाही, आणि जिंकलेली ढालही राहते. वर्गात मी हात वर करायला सांगतो तेव्हा सगळ्यात जास्त हात या वाटेला येतात. ती शहाणपणाची वाटते कारण तिच्यात कोणालाच काही सोसावं लागत नाही. फक्त एका सोळा वर्षांच्या मुलाला सहकाऱ्यांसमोर खोटा ताप आणावा लागतो, आणि अंतिम सामन्यात हरलेल्या शाळेला आपण कशाने हरलो ते कधी कळत नाही.

तिसरी, लेखी कळवायचं. मग संघ बाद होणार हे उघड होतं.

वयचोरीविरुद्धचे नियम देशात आहेत. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची आचारसंहिता २०१० पासून आहे, आणि क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. पण हाडावरून सहा आठवड्यांचा फरक कोणी सांगू शकत नाही. शिवाय हे नियम मुद्दाम फसवणाऱ्याला पकडण्यासाठी आहेत. ज्याला स्वतःलाच आपली तारीख माहीत नव्हती त्याच्यासाठी जास्त उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये जाहीर केलं की जो खेळाडू स्वतःहून खरं वय सांगेल त्याला निलंबित न करता योग्य गटात खेळू दिलं जाईल. लपवून सापडला तर दोन वर्षांची बंदी. सांगणाऱ्याला आणि सापडणाऱ्याला एकच शिक्षा असेल तर सांगायला कोण येईल, एवढं साधं गणित त्यामागे आहे. शालेय स्पर्धेत या संघासाठी असा काही वेगळा दरवाजा नव्हता.

मुख्याध्यापिकांनी त्या दिवशी निर्णय दिला नाही. त्यांनी विचारलं, "मुलाला सांगितलंय?" कोणीच सांगितलं नव्हतं. त्याच्याविषयी सगळं ठरत होतं आणि तो तेव्हा मैदानावर रेषा आखत होता.

त्याला बोलावलं. त्याने दाखला दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हंजी मी फसवलं का, सर?" सरांनी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "मग आजारी कशापाई व्हायचं?" ही दुसरी वाट त्याच्या कानावर कोणी घातली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा अंदाज शिपाईमामांवर आहे.

बाईंना इथे एक मुद्दा सुचला जो त्या तिन्ही वाटांमध्ये नव्हता. मुलगा दहावीत होता. बोर्डाचा अर्ज भरायची वेळ आली होती. दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख छापली जाते ती माणसाला आयुष्यभर धरून असते. नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे तीच बघतात, आणि नंतर बदलायला गेलं की चपला झिजतात. जन्माची सरकारी नोंद एक आणि बोर्डाची दुसरी, असं घेऊन हा मुलगा पोलीस भरतीला उभा राहिला असता तर? त्याला तेच करायचं होतं. तारीख दुरुस्तीचा प्रस्ताव आत्ताच पाठवायला हवा होता, आणि तो पाठवल्यावर गप्प बसण्यात काही अर्थच नव्हता.

कर्णधाराचा प्रश्न

सोमवारी मधल्या सुट्टीत संघाला सांगितलं. मुलं चिडली, एक-दोघं रडकुंडीला आली. अपेक्षितच होतं. कर्णधार मात्र बराच वेळ बोलला नाही. हा मुलगा कॉर्नरला, म्हणजे बचावफळीच्या टोकाला खेळायचा, घोट्याची पकड चांगली. शेवटी त्याने विचारलं, "बाई, खरं सांगायचंच असेल तर वजनाचं पण सांगायचं का?"

सर म्हणाले, "ते वेगळं." बाई म्हणाल्या, "कसलं वजनाचं?"

कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही अट असते आणि स्पर्धेच्या सकाळी काटा लावतात. संघातले तिघं, कॉर्नरचे दोघे आणि कव्हरचा (बचावफळीतल्या मधल्या बाजूचा) एक, मर्यादेच्या वर होते. कोणी किलोने, कोणी दोन किलोने. त्यांनी काय केलं ते कर्णधाराने सांगितलं तसं लिहितो. आदल्या दुपारपासून जेवण बंद. संध्याकाळी अर्धा कप चहा. रात्री पाणी नाही. पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर दोन ट्रॅकसूट, वर रेनकोट, आणि फेऱ्या. मग च्युइंगगम चघळत बसायचं आणि थुंकायचं. थुंकायला पाण्याची रिकामी बाटली, प्रत्येकाची वेगळी, आणि कोणाची किती भरली याची पैज. वजन झालं की ग्लुकोजचं पाणी, केळी, आणि दोन तासांत पहिला सामना. उपांत्य फेरीत कव्हरच्या मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले ते "उन्हामुळे" असं सगळ्यांनी मानलं होतं. ऑगस्टअखेरचे दिवस होते, आकाश भरलेलं होतं.

हे सरांनी शिकवलं होतं का? अर्धवट. रेनकोटची युक्ती त्यांची, कारण त्यांनी स्वतः खेळताना तेच केलं होतं. थुंकायचं मुलांनी मोबाइलवर पाहून उचललं. त्याच ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट वजन शंभर ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम फेरीबाहेर गेली होती आणि अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो उतरवून कांस्य मिळवल्याच्या बातम्या सगळीकडे फिरत होत्या. मोठ्यांना त्यात जिद्द दिसली. पोरांना कृती सापडली. ऑलिंपिकच्या मल्लाभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ असतात, हे त्या बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

मी मुद्दाम या ठिकाणी थांबतो, कारण वर्गात इथे शांतता होते आणि मग कोणीतरी म्हणतं, "पण यात नियम कुठे मोडला?" बरोबर आहे, नाही मोडला. काट्यावर उभं राहिलं त्या क्षणी प्रत्येकाचं वजन मर्यादेत होतं. कोणी हरकत घेतली असती तरी फेटाळली गेली असती. आणि तरी या प्रकरणात खेळाडूवृत्तीला धक्का कुठे लागला असेल तर तो इथे. जन्मतारखेच्या बाबतीत कोणाचा हेतू वाईट नव्हता. एका गुरुजींनी प्रवेश अडू नये म्हणून अंदाज लिहिला. वजनाच्या बाबतीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. वजनगट केला जातो तो बरोबरीच्या अंगाच्या मुलांनी बरोबरीने खेळावं म्हणून. दोन किलो पाणी काढून काट्याला फसवायचं, मग ते परत भरून हलक्या मुलाच्या घोट्याला लोंबकळायचं, यात तो हेतूच मारला जातो. वर आपल्याच मुलाच्या जिवाशी खेळ.

जिवाशी म्हणतोय ते उगीच नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. त्यांनीही असंच केलं होतं : घाम काढणारे कपडे, गरम खोली, पाणी बंद. त्यानंतर तिथल्या कॉलेजांचे नियम बदलले आणि २००६-०७ पासून हायस्कूलच्या कुस्तीतही देशभर नियम आला. हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी असल्याची खात्री करायची, मगच मुलाचं किमान वजन ठरवायचं. ते ठरवताना शरीरातली चरबी मुलांची ७ टक्के आणि मुलींची १२ टक्के यांच्या खाली जाईल असा गट द्यायचा नाही. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचं नाही. म्हणजे मुलाने कोणत्या गटात खेळावं हे हंगामाआधीच ठरतं आणि स्पर्धेच्या पहाटे पळून ते बदलता येत नाही. आमच्या मुलांच्या बाबतीत स्पर्धेच्या सकाळचा काटा एवढीच एक तपासणी होती.

सरांनी त्या दिवशी दोन वाक्यं बोलली : "बाई, दर वर्षी अहवालात तुम्ही विचारता कितवा नंबर आला. मुलांना चक्कर आली का, हे कोणी कधी विचारलं नाही." हे उद्धटपणे म्हटलेलं नव्हतं, आणि बाईंनीही तसं घेतलं नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची पदं घटत गेलेल्या काळात या माणसाने स्वतःच्या स्कूटरवरून मुलांना स्पर्धांना नेलं आहे. त्याला मोजायची पट्टी शाळेनेच दिली होती आणि तिच्यावर फक्त ढाली होत्या.

निर्णय आणि त्याची किंमत

मंगळवारी क्रीडा कार्यालयाला पत्र गेलं. मसुदा बाईंचा. "सदर विद्यार्थ्याच्या जन्मतारखेबाबत नव्याने प्राप्त झालेल्या दाखल्यानुसार तो वयोगटास अपात्र ठरत असल्याचे शाळेच्या निदर्शनास आले आहे. यात विद्यार्थ्याचा अथवा पालकांचा कोणताही दोष नाही," हे वाक्य क्लार्कने दोन परिच्छेदांत तोडलं होतं, बाईंनी परत जोडलं. दोष नसल्याचं वेगळ्या परिच्छेदात गेलं तर फायलीत फक्त पहिलाच वाचला जाईल, असं त्यांचं म्हणणं. सरकारी पत्रव्यवहार केलेल्या कोणालाही हे पटेल.

विजेतेपद गेलं, उपविजेती शाळा विभागीयला गेली. प्रमाणपत्रं परत केली. दहावीच्या क्रीडागुणांची आशा मावळल्यामुळे एका मुलाचे वडील शाळेत येऊन बरंच बोलले : "तुमच्या तत्त्वांचे मार्क माझ्या पोराच्या गुणपत्रिकेत कोण टाकणार?" याला उत्तर नव्हतं आणि बाईंनी द्यायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की बाकीच्या मुलांचा काही दोष नसताना त्यांचं नुकसान झालं आहे हे त्यांना मान्य आहे.

शाळेने एक गोष्ट मात्र फार वाईट केली. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना वाटलं, ही तर आदर्श गोष्ट, मुलांसमोर यायला हवी. परिपाठाच्या वेळी त्या मुलाला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला, प्रामाणिकपणावर भाषण झालं. ज्याने काही लपवलं नव्हतं त्याचा कबुली दिल्याबद्दल सत्कार! त्याच्या मागे रांगेत अकरा मुलं उभी होती ज्यांचं पदक नुकतंच गेलं होतं. त्यानंतर तो चार दिवस शाळेत आला नाही. सर नऱ्ह्याला जाऊन त्याला घेऊन आले. काय बोलले ते दोघांपैकी कोणी सांगत नाही. तारीख दुरुस्तीला मंजुरी वेळेत मिळाली. क्लार्कने त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात खेटे घातले, आणि तेही "हे मी आज बघितलं का सोमवारी" म्हणणाऱ्या माणसाने. आता मुलगा एका क्रीडा मंडळाकडून कुमार गटात खेळतो.

पुढच्या जूनमध्ये

वजनाच्या बाबतीत शाळेने फार गाजावाजा केला नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात सगळ्या इच्छुक मुलांचं वजन, पोटभर जेवल्यावर, दुपारी. पालकांची सही. जो त्या दिवशी मर्यादेच्या किलोभर वर असेल त्याचा त्या गटाच्या संघात विचार नाही. वाढीच्या वयात तो पुढच्या तीन महिन्यांत आणखी वाढणारच. स्पर्धेच्या सकाळी प्रत्येकाच्या हातात भरलेली पाण्याची बाटली, आणि ती रिकामी झालेली सरांनी बघायची. वार्षिक अहवालात आता किती मुलांनी किती सामने खेळले आणि किती दुखापती झाल्या हेही छापलं जातं.

वर्गात मी दोन प्रश्न ठेवतो. या नियमाने चांगल्या पण अंगाने भरलेल्या मुलाचं काय करायचं, कारण १९ वर्षांखालील गट त्याला अजून फार मोठा पडतो? आणि शेजारच्या शाळा पहाटे रेनकोट घालून पळत असताना एकाच शाळेने हा नियम पाळणं म्हणजे आपल्या मुलांवर अन्याय नाही का? दुसऱ्या प्रश्नावर सरांचं मत अजूनही "थोडा आहे" असंच आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगतात म्हणून मी त्यांना वर्गात बोलावतो.

नव्या नियमात बसला नाही असा एक मुलगा, तोच पोटऱ्यांत गोळे आलेला कव्हरचा, जुलैत दाखला काढून जवळच्या दुसऱ्या शाळेत गेला. शाळा सोडण्याचं कारण : पालकांची विनंती. तिथे तो संघात आहे. यंदा दोन्ही शाळा एकाच गटात आहेत. त्यांची गाठ कोणत्या फेरीत पडते ते लॉट्स निघाल्यावर कळेल.